मदत हवी आहे: आईसाठी लूप रेकॉर्डर, पॅच की ईसीजीचं घड्याळ?

नमस्कार मंडळी. माझी आई ६८ वर्षांची, कोल्हापूरला एकटी राहते. चार महिन्यांत तीनदा तिला अचानक धडधड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल. २४ तास सतत ईसीजी नोंदवणारं होल्टर यंत्र लावलं, तर नेमकं त्या दिवशी काहीच झालं नाही.

डॉक्टरांना एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराची) शंका आहे. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून जीवाला घोर लागलाय. त्यांनी लूप रेकॉर्डर, म्हणजे हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, सुचवलाय. जागा बधिर करून छातीच्या डाव्या बाजूला त्वचेखाली बसवतात, साधारण तीन वर्षं चालतो. आई म्हणते, "अंगात यंत्र नको गं बाई."

छातीवर चिकटवून ठोके नोंदवणारा १४ दिवसांचा पॅचही मिळतो. घड्याळात मात्र ईसीजीसाठी ३० सेकंद बोट टेकवून बसावं लागतं. अंधारी आल्यावर तिला ते सुचेल का?

कुणाच्या घरी लूप रेकॉर्डर बसवलाय का? जखम किती दिवसांत भरली, खर्च किती आला, विम्यातून मिळाला का? पॅच घामाने सुटतो का? गुरुवारी डॉक्टरांना कळवायचंय.