प्रतिसाद: पन्नाशीनंतरची नेमबाजी

पन्नाशीनंतर डोळे साथ देत नाहीत, तेव्हा रायफल ठेवून द्यावी, हे मत मला पटत नाही. सांगलीत राहून गेली तीस वर्षे मी पॉइंट टू-टू (.२२ इंची, बारीक गोळीच्या) रायफलने ५० मीटरवर, पालथे पडून नेम धरतो आहे. पुढची साइट (नळीच्या टोकाशी असलेली, नेम धरायची खूण) स्पष्ट आणि लक्ष्य किंचित धूसर दिसणे हेच मुळात अपेक्षित असल्याने चष्म्याचा नंबर बदलून घेतला की काम भागते. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, त्यामुळे वारा मात्र दर वेळी नव्याने ओळखावा लागतो. पॉइंट टू-टूच्या काडतुसाचे पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेत असते, त्यामुळे काडतूस एकदा वापरले की घरी पुन्हा भरता येत नाही; कारखान्यातून येते त्यावरच भिस्त. म्हणून एकाच लॉटच्या (कारखान्यात एकत्र बनलेल्या) पेट्या मी जपून वापरतो. (घरी याला चिक्कूपणा म्हणतात.) कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला याच प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले होते.