हात धुण्याची ओसीडी: एक्सपोजर करूनही अस्वस्थता उतरत नाही, अडतंय कुठे?

पारिजात_फोंडा विचारते:
धुण्याच्या ओसीडीसाठी (नको ते विचार आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा केलेल्या कृती, असा मानसिक आजार) ईआरपीचा घरचा सराव चालू आहे: भीतीच्या वस्तूला मुद्दाम स्पर्श करायचा, म्हणजे एक्सपोजर, आणि त्यानंतरचा विधी, म्हणजे अस्वस्थता घालवायला केलेलं धुणं, रोखायचा. अस्वस्थतेच्या 0 ते 100 या मापावर पायऱ्या अशा: चपलेचा पट्टा 30, कदंब बसचा दांडा 45, म्हापशाच्या बाजारातून आलेली मासळीची पिशवी 65, शौचालयाची कडी 85. चपलेची पायरी झाली. बसच्या दांड्यावर मात्र चौथा आठवडा लागला, तरी आकडा 45 वरून 40 वर येतो आणि तिथेच बसतो. सराव रोज अर्धा तास, त्या वेळात हात धुतले जात नाहीत. वाय-बॉक्सचा (ओसीडीची तीव्रता मोजणारी प्रश्नावली) स्कोअर 26 आहे. इथेच थांबावं की वरची पायरी घ्यावी?

मांडवीकाठ:
26 म्हणजे तीव्र गटात (24 ते 31), त्यामुळे घरच्या सरावाच्या जोडीला प्रशिक्षित थेरपिस्ट हवाच. पायरी बदलण्याआधी तो अर्धा तास जवळून बघा. हात धुतले नाहीत, पण ते आहेत कुठे? बऱ्याचदा दांड्याला लागलेला उजवा हात मांडीवर उलटा ठेवलेला असतो, बोटं फाकलेली, फोन डाव्या हाताने घेतलेला. नाहीतर अंगठा हळूच पदराला पुसला जातो. असा हात वेगळा सांभाळणं हाही विधीच, फक्त पाण्याशिवायचा. त्या हाताने चेहरा, केस, उशी, फोन, पाण्याचा तांब्या, सगळ्याला स्पर्श झाला पाहिजे. ‘घाण’ घरभर पसरली की जपायला स्वच्छ कोपरा उरत नाही, आणि सराव तिथून खऱ्या अर्थाने सुरू होतो.

दुसरं, अर्धा तास संपल्यावर काय होतं? घड्याळाकडे बघत बसून 31 व्या मिनिटाला नळ सोडला, तर मेंदू एवढंच शिकतो की सुटका धुण्यानेच झाली. विधी रोखणं दिवसभर चालू ठेवायचं. जेवणाआधी आणि शौचानंतर एकदाच साबण, 20 सेकंद. अंघोळ एकदा, 10 मिनिटं. हे धुणं झालं की लगेच सरावाच्या वस्तूला पुन्हा हात लावायचा. बसचा दांडा घरी आणता येत नाही, म्हणून प्रवासात त्याची ‘घाण’ रुमालाला लावून घ्यायची आणि तो रुमाल उशाशी ठेवायचा. हीच पायरी सर्वात जास्त गाळली जाते.

आल्त_पर्वरी:
मांडवीकाठशी सहमत, फक्त आकड्याबद्दल थोडं वेगळं सांगते. अस्वस्थता निम्मी होईपर्यंत थांबायचं, हा जुना नियम अनेकांना उपयोगी पडतो, पण तो एकमेव निकष नाही. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के यांच्या मांडणीत भर आहे अपेक्षाभंगावर, म्हणजे भीतीने बांधलेला अंदाज खोटा ठरण्यावर. सरावाआधी लिहून घ्या: ‘दांड्याला लागलेल्या हाताने रात्री जेवले तर दोन दिवसांत उलट्या होतील, शक्यता 80 टक्के.’ किंवा ‘ही अस्वस्थता मला तासभरही सहन होणार नाही.’ दोन दिवसांनी त्याखालीच काय झालं ते लिहा. आकडा 40 वरच राहिला आणि तरीही जेवण, झोप, काम झालं, तर शिकणं झालेलं आहे.

म्हणून 40 उतरायची वाट बघू नका, आधी लपलेले विधी काढा आणि मग वरची पायरी घ्या. पायऱ्या क्रमानेच चढायच्या असंही नाही, मासळीची पिशवी आणि बसचा दांडा आलटून पालटून चालतात. जागा बदला, वेळ बदला. थेरपिस्टच्या खोलीत धीट झालेली व्यक्ती स्वतःच्या स्वयंपाकघरात अडते, कारण भीती जागेशी जोडलेली असते.

आणि सरावाच्या वेळी खोल श्वास, टीव्ही, मनातल्या मनात ‘काही होत नाही’ची माळ, हे सगळं बंद. अस्वस्थता दाबण्यासाठी केलेलं काहीही ढाल होऊन बसतं.

घुमट:
घरातल्यांचं कुणी बोललं नाही, आणि माझ्या मते अर्धी ओसीडी घरातल्यांच्या हातून चालते. ‘दांडा स्वच्छ होता ना गं?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं, जास्तीचे साबण आणून ठेवणं, बाहेरून आल्यावर दारातच कपडे बदलणं. हे सगळं प्रेमापोटीच होतं, तरी त्यातून विधी जिवंत राहतो. एकदम तोडू नका. सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायचं: या आठवड्यापासून हा प्रश्न आला की उत्तर एकच, ‘तुला त्रास होतोय हे दिसतंय, पण ओसीडीला मी उत्तर देणार नाही, मी इथेच बसते.’ सुरुवातीला प्रश्न वाढतील, आवाज चढेल. तेव्हा एकाने जरी कच खाल्ली, तर पुढच्या वेळी आणखी जोर लावला जातो. फसवून किंवा जबरदस्तीने स्पर्श मात्र कधीही करवू नका. विश्वास गेला की थेरपी गेली.

पारिजात_फोंडा:
पदराला अंगठा पुसणं नेमकं तेच चाललंय, कुणी विधी म्हणून धरलंच नव्हतं. एक अडचण राहिली. घरात सोवळं आहे. ‘देवघरासाठी धुतलं’ म्हटल्यावर कुणाला बोलता येत नाही.

मांडवीकाठ:
घरातल्या इतर माणसांचं सोवळं किती मिनिटांत उरकतं ते बघा. घरच्या भटजींना किंवा ज्येष्ठांना एकदाच विचारून नियम कागदावर लिहा: अंघोळ एक, पूजेआधी हातपाय धुणं एकदा. पुन्हा विचारायचं नाही, कारण पुन्हा विचारणं म्हणजे खात्री मागणं. श्रद्धा मोडायची नसते, त्यावर चढलेला जास्तीचा थर काढायचा असतो. नामस्मरण रोजच्या वेळी असेल तर ती उपासना. वाईट विचार आला म्हणून तो पुसायला लगोलग केलेला जप असेल, तर तो विधी, आणि तोही रोखायचा.

आल्त_पर्वरी:
औषधाचंही सांगते. सर्ट्रालिन, फ्लूओक्सेटिनसारख्या गोळ्या ओसीडीत बहुधा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात, आणि पुरेशी मात्रा 8 ते 12 आठवडे दिल्याशिवाय ‘लागू पडत नाही’ म्हणू नये. मात्रा डॉक्टरच ठरवतील. सरावाआधी घेतलेली अल्प्राझोलाम (चिंता दाबणारी गोळी) मात्र शिकण्यात आड येते. चालू असेल तर स्वतःहून अचानक बंद करू नका, डॉक्टरांना तसं सांगा. बांबोळीच्या आयपीएचबीत (गोव्यातलं सरकारी मानसोपचार रुग्णालय) मानसोपचार ओपीडी आहे. जगणं नको असे विचार असतील तर पायऱ्या बाजूला ठेवून आधी तिथे जा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चालू असतो, फोन मोफत आहे.

वाय-बॉक्स 4 आठवड्यांनी पुन्हा भरा. 26 वरून 17 च्या खाली आला, म्हणजे साधारण 35 टक्के घट, तर उपचार चांगला लागू पडला असं धरतात.

घुमट:
आज रात्रीपासून तो रुमाल उशाशी, आणि सकाळी उठल्यावर त्याच हाताने चहाचा कप. सोबत कुणीतरी बसा, पण कप कसा धरलाय ते विचारू नका.