‘पुराव्याधारित उपचार’ की ‘पुराव्याधारित उपचारनिर्णय’?

विचारणा

मी मुंबईतील एका भौतिकोपचार (फिजिओथेरपी) महाविद्यालयात शिकवते. ‘एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस’, म्हणजे संशोधनातील पुरावा पाहून रुग्णसेवा करणे, हा विषय आमच्याकडे इंग्रजीतून शिकवला जातो. ओपीडीत रुग्णाशी बोलताना मात्र विद्यार्थ्यांना तोच आशय मराठीत सांगावा लागतो आणि तेथे प्रत्येक जण वेगळा शब्द वापरतो. कोणी ‘पुराव्याधारित उपचार’ म्हणतो, कोणी ‘प्रमाणाधारित’, तर कोणी हिंदीच्या वळणाने ‘साक्ष्य-आधारित’. यांपैकी कोणता शब्द संकल्पनेला न्याय देतो? व्यायामशरीरक्रियाशास्त्राच्या (‘एक्सरसाइज फिजिऑलॉजी’च्या) प्रात्यक्षिकांतही हाच शब्द लागणार आहे, हे ध्यानात घेऊन मत द्यावे.

उत्तर

येथे ‘एव्हिडन्स’पेक्षा ‘प्रॅक्टिस’चे मराठी अधिक जपून करावे लागेल, असे मला वाटते. ‘एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन’ हा शब्दप्रयोग कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातून प्रचारात आला. गॉर्डन गायट यांनी तो 1991 मध्ये छापील लेखात वापरला आणि डेव्हिड सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये जी व्याख्या दिली, तिचा सगळा भर एकेका रुग्णाविषयी निर्णय घेताना त्या वेळी उपलब्ध असलेला सर्वोत्तम पुरावा विवेकाने वापरण्यावर होता. संशोधनातून मिळालेला पुरावा, उपचार करणाऱ्याचे कौशल्य आणि रुग्णाची इच्छा व परिस्थिती या तिन्हींचा मेळ घालून जे ठरते, तो निर्णय. ‘पुराव्याधारित उपचार’ म्हटले की यांतील शेवटची दोन अंगे गळून पडतात आणि विद्यार्थ्याच्या मनात उपचारांची यादी तयार होते: अमुक उपचाराला पुरावा आहे, तमुक उपचाराला नाही. तोंडी परीक्षेत हे लगेच दिसते. गुडघ्याच्या झिजेवरील उपचार रुग्णांवर तपासणाऱ्या चाचण्यांचे निष्कर्ष विद्यार्थी घडाघडा सांगतो. पण ‘समोर बसलेल्या या बाईंसाठी त्यातले काय निवडाल आणि का?’ असे विचारले की अडखळतो. म्हणून मी ‘पुराव्याधारित उपचारनिर्णय’ हा शब्द सुचवीन.

एक नमुना रुग्ण घेऊन हे स्पष्ट करतो. माहीमला मासे विकणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. सकाळचे कित्येक तास त्या बुटक्या पाटावर बसून असतात, चाळीतले शौचालय भारतीय पद्धतीचे आहे आणि रेल्वेचा जिना चढल्याशिवाय त्यांना रुग्णालयात येता येत नाही. आल्या आल्या त्या म्हणतात, “मशीन लावा, मागच्या वेळी शेकाने बरे वाटले होते.” आता पुरावा काय म्हणतो? ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी सांध्यांच्या झिजेसाठी व्यायामाची शिफारस केली आहे, तर अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल यांसारखे विद्युतोपचार देऊ नयेत, असे सांगितले आहे. येथपर्यंत विद्यार्थी बरोबर पोहोचतो. पण आठवड्यातून तीनदा रुग्णालयात येऊन व्यायाम करा, असे या बाईंना सांगणे म्हणजे न सांगण्यासारखेच आहे. पाटाची उंची वाढवता येईल का, मांडीच्या स्नायूंचे कोणते दोन व्यायाम गिऱ्हाईक नसताना बसल्या जागी करता येतील, ‘मशीन’ न लावण्याचे कारण त्यांना अपमान न वाटता कसे सांगावे, हे सगळे ठरवणे हाच त्या विषयाचा अभ्यास आहे. तो ‘उपचार’ या शब्दात मावत नाही. ‘निर्णय’ या शब्दात मावतो.

अध्यापनाशीही याचा थेट संबंध आहे. ‘पेड्रो’ हा भौतिकोपचारविषयक चाचण्यांचा सिडनीहून 1999 पासून चालवला जाणारा संग्रह विद्यार्थ्यांना चांगला परिचित असतो आणि त्यात प्रत्येक चाचणीला दिलेले दहापैकी गुणही पाठ असतात. परंतु चाचणी किती काटेकोरपणे केली, एवढेच हे गुण मुख्यतः सांगतात. उपचाराचा फायदा किती मोठा आहे, हे त्यांतून कळत नाही. शब्द ‘उपचारा’शी जोडलेला असला की आठ गुणांची चाचणी म्हणजे आठ गुणांचा उपचार, असा समज फार सहज होतो. शिवाय हा विषय निव्वळ व्याख्यानांतून शिकवला तर ज्ञान वाढते, पण कौशल्य, दृष्टिकोन आणि वागणूक बदलण्यासाठी तो रुग्णसेवेत गुंफून शिकवावा लागतो, असे 2004 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात मांडले गेले आहे. संशोधनपद्धतीच्या तासापुरता हा विषय बाजूला ठेवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने याचा गांभीर्याने विचार करावा, असे मला कळकळीने वाटते.

आणखी एक मत

‘निर्णय’ मान्य आहे. मात्र ‘पुरावा’ या शब्दाकडेही थोडे पाहावे. मराठीत हा शब्द कोर्टकचेरीच्या सहवासात वाढला आहे. ‘सबळ पुराव्याअभावी निर्दोष सुटका’ ही बातमी आपण रोज वाचतो आणि तेथे निकाल दोनच असतात. संशोधनात पुराव्याला पायऱ्या असतात; पुराव्याची खात्री ठरवण्याच्या ‘ग्रेड’ या पद्धतीत त्या चार आहेत आणि त्यांना मी उच्च, मध्यम, अल्प आणि अत्यल्प खात्री असे म्हणतो. वर आलेल्या ‘नाइस’च्या सूचनेत विद्युतोपचारांच्या बाबतीत दिलेले कारणही फायद्याचा पुरेसा पुरावा नाही, असे आहे. पुराव्याचा अभाव आणि अभावाचा पुरावा या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे विद्यार्थ्याला वर्गात फळ्यावर लिहून दाखवावे.

तरीही ‘प्रमाण’ हा पर्याय मला नको वाटतो. न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानली आहेत आणि त्यांतील शब्दप्रमाण म्हणजे आप्तवचन. ज्येष्ठांनी सांगितले म्हणून खरे, ही सवय सोडवण्यासाठी जो विषय शिकवायचा, त्याच्याच नावात हा अर्थ मागच्या दाराने येऊ नये. शिवाय व्यायामाचे ‘प्रमाण’ किती, म्हणजे तीव्रता आणि वेळ किती, हे सांगायला तोच शब्द रोज लागतो.

चाचणीच्या परीक्षणासाठी मात्र मराठीत ‘चिकित्सा’ हा फार चांगला शब्द आहे. रोगावरील उपचार आणि एखाद्या विधानाची कसून केलेली तपासणी, हे दोन्ही अर्थ त्यात नांदतात. ‘क्रिटिकल अप्रेझल’ला ‘टीकात्मक मूल्यांकन’ म्हटले की विद्यार्थी केवळ दोष शोधत बसतात. ‘शोधनिबंधाची चिकित्सा’ म्हटले की काय घ्यावे आणि काय सोडावे, याकडे लक्ष जाते.

पुन्हा विचारणा

दोन्ही मतांबद्दल आभार. ‘स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट’साठी आमचे विद्यार्थी सर्रास ‘लक्षणीय’ लिहितात. ते चालेल का?

उत्तर

चालू देऊ नये. वाचकाच्या दृष्टीने ‘लक्षणीय’ म्हणजे डोळ्यांत भरण्याइतके मोठे. संख्याशास्त्राला तसे काही म्हणायचे नसते. उपचाराचा मुळीच परिणाम नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसणे कितपत संभवले असते, एवढेच ती कसोटी पाहते. सहा मिनिटे चालण्याची चाचणी घ्या. दीर्घकालीन श्वसनविकार असलेल्या प्रौढांच्या बाबतीत सुमारे 30 मीटरची वाढ ही रुग्णाला अर्थपूर्ण ठरेल अशी किमान वाढ मानली जाते. समजा, व्यायामाचा उपयोग तपासणाऱ्या एखाद्या मोठ्या संशोधनात व्यायामाच्या गटाचे अंतर दुसऱ्या गटापेक्षा सरासरी 12 मीटरनेच अधिक वाढले. रुग्णसंख्या पुरेशी मोठी असेल तर हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरेल. तरीही त्या सरासरीवरून धाप लागणाऱ्या माणसाच्या दिनक्रमात फरक पडेल, असे म्हणता येणार नाही. ‘लक्षणीय सुधारणा’ असे लिहिणारा विद्यार्थी नकळत रुग्णाला आणि स्वतःलाही चुकीचे आश्वासन देतो. पहिल्यासाठी ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ’ आणि दुसऱ्यासाठी ‘रुग्णाला जाणवेल असा’ हे शब्दप्रयोग वेगवेगळे ठेवावेत आणि रुग्णाच्या नोंदीत दोन्हींसाठी स्वतंत्र रकाने आखावेत. पहिला रकाना शोधनिबंध वाचून भरता येतो. दुसरा रुग्णाला विचारल्याशिवाय भरता येत नाही.