नाइटशेडला मराठीत काय म्हणायचं? कामोणी, पोपटी, चिरबोटी... मदत हवीये

परसदार
मंडळी, शाळेतल्या मुलांसाठी परसबागेची एक छोटी पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करतेय आणि एका पानावर अडकलेय. त्यात तीन झाडांची चित्रं आहेत, तिन्हीला इंग्रजीत नाइटशेड नाहीतर त्यांची भावंडं म्हटलंय. एक काळ्या बारीक फळांची, दुसरी कागदी कंदिलात फळ असणारी, तिसरी डेडली नाइटशेड म्हणजे बेलाडोना. मी पहिलीला कामोणी लिहिलं, दुसरीला पोपटी (आमची आई तेच म्हणायची) आणि तिसरीला 'विषारी कामोणी'. मजकूर तपासणारे सर अलिबागकडचे, त्यांनी पोपटी सरळ खोडलं, म्हणाले पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून भाजतात ती, झाडाचं नाव कुठून आणलंत. आता मलाच शंका यायला लागलीये. तुमच्याकडे काय म्हणतात?

चौलची आठवण
सर बरोबर आहेत. थंडीत शेतावर जमून लावतात ती पोपटी. झाडाला आम्ही चिरबोटी म्हणायचो.

माळरान
दोन्ही बरोबर असू शकतं की, एका शब्दाला दोन अर्थ नसतात का. पण ताई, तिसरीला 'विषारी कामोणी' अजिबात लिहू नका, कळकळीने सांगतो. बेलाडोना आपल्या रानात उगवतच नाही, तिची भारतातली बहीण काश्मीर-हिमालयाच्या थंडीत वाढते. मुलं ते वाचून बांधावरची साधी कामोणी बघतील आणि तिलाच विष समजतील, किंवा उलट, कुणी 'कामोणी खातात' एवढंच लक्षात ठेवून भलतंच तोंडात घालेल.
ओळख सोपी आहे. कामोणीचं फूल पांढरं, इवलंसं, पाच पाकळ्या मागे वळलेल्या, मधे पिवळ्या केसरांचा सुळका. फळं एका दांडीवर चार-सहाच्या घोसात, वाटाण्याहून लहान. बेलाडोनाचं फूल घंटेसारखं, मळकट जांभळं, पानाच्या बगलेत एकटं लोंबतं, आणि फळ चांगलं बोराएवढं, तेही एकटंच, खाली हिरव्या पाच पाकळ्यांची चांदणी पसरलेली. घोस आहे की एकटं फळ, एवढं बघितलं तरी पुरे.

शब्दनिष्ठ
चांदणी, सुळका हे सगळं ठीक, पण पुस्तिका शाळेची आहे ना? मग निदलपुंज (फुलाफळाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या पाकळ्या), पुंकेसर (फुलातले केसर), मृदुफळ (गरदार फळ) हे शब्द यायलाच हवेत. आणि नाइटशेड असं देवनागरीत लिहून मोकळं होणं मला पटत नाही. निशाछाया का नको?

माळरान
निशाछाया हे कुठल्या रानात कुणी म्हणतं? कामोणीला काकमाची आहे की संस्कृतात, हजारो वर्षं आयुर्वेदात आहे, घ्यायचंच तर ते घ्या.

खानदेशी लेक
आमच्याकडे पावसाळ्यात आजी कामोणीच्या कोवळ्या पाल्याची भाजी करायची, लसूण आणि लाल मिरचीची फोडणी, बाकी काही नाही. तोंड आलं की हमखास. पिकलेली काळी फळं आम्ही पोरं खायचो पण हिरव्याला हात लावला तर मार बसायचा. निदलपुंज शब्द आजीला माहीत नव्हता पण 'टोपीला (म्हणजे तुमच्या त्या निदलपुंजालाच) चिकटलेलं हिरवं फळ खायचं नाही' हे बरोबर माहीत होतं.

बंगळुरूकर
इथे कामोणीचा पाला गणिके सोप्पू म्हणून बाजारात जुडीने मिळतो, आणि तमिळ शेजारीण मणत्तक्काळी म्हणते, तिची फळं ताकात मुरवून वाळवून तळते आणि आमटीत टाकते. गंमत म्हणजे तक्काळी म्हणजे तमिळमध्ये आता टोमॅटो! टोमॅटो अमेरिकेतून आला, लोकांनी ओळखीच्या झाडाचं नाव त्याला देऊन टाकलं.

इंदूरवाले
आमच्याकडे तर मकोय म्हटलं की काळी कामोणी पण तीच आणि कागदी फुगेवाली पण तीच. बाजारात विकतात ती मोठी पिवळी, तिला रसभरी. त्यामुळे नावावरून झाड ओळखायचा प्रश्नच येत नाही, समोर आणून दाखवावं लागतं.

परसदार
हेच तर, मुलांच्या हातात पुस्तिका असेल, झाड नसेल.

माळरान
मग टोपीवरून शिकवा. या अख्ख्या घराण्याची खूण तीच आहे, फूल गळून फळ धरलं तरी खालची हिरवी टोपी जात नाही. वांग्याला बघा, तीच टोपी, काट्यांसकट. टोमॅटोवर ती चांदणीसारखी, मिरचीवर पेल्यासारखी. आणि चिरबोटीत हीच टोपी फुगत फुगत फळाला चारी बाजूंनी झाकून टाकते, तोच तुमचा कागदी कंदील. म्हणजे तो कंदील फळाची साल नाही, आणि हे मुलांना कळलं की त्यांना फार मजा येईल.

शब्दनिष्ठ
टोपी म्हणजे डोक्यावर. झाडावर फळ लोंबतं तेव्हा ठीक, पण बेलाडोनाची तुम्हीच वर 'खाली पसरलेली' म्हणालात. निदलपुंज म्हटलं की हा घोळच राहत नाही.

खानदेशी लेक
बरं पण कंदील आहे म्हणजे चिरबोटीच असं नाही हं. आस्कंदलाही, म्हणजे अश्वगंधेलाही, असाच कागदी फुगा असतो, आत लालभडक गुंजेसारखं फळ. चिरबोटीचं फळ पिवळट हिरवं, पिकलं की फुग्यासकट गळून पडतं. आणि आस्कंदचं पान लवदार राखाडी, खोडाजवळ गर्दीने फळं.

वऱ्हाडी माणूस
तुम्ही म्हणता ती फुगेवाली म्हणजे कपाळफोडी ना? लहानपणी कपाळावर आपटून फट्ट करून फोडायचो.

माळरान
नाही हो, कपाळफोडी वेल आहे. तिचा फुगा तीन कोनी, आत काळं बी आणि बीवर पांढरा बदामाचा आकार. ती रिठ्याच्या घराण्यातली, हिचा तिच्याशी काही संबंध नाही. कपाळावर दोन्ही फुटतात तेवढंच साम्य.

वऱ्हाडी माणूस
आमच्या गावात झुडपालाच कपाळफोडी म्हणायचे, मी काय पुस्तक वाचून नाही सांगत आहे, पन्नास वर्षं ऐकलेला शब्द आहे. तुमच्या पुस्तकात वेलीला दिला म्हणून आमचा चूक कसा? आम्ही टोमॅटोला भेदरं म्हणतो, तेही चूक का?

शब्दनिष्ठ
बोलीत चूक नाही. पण छापील पुस्तिकेत एक नाव एका झाडाला, हा नियम पाळलाच पाहिजे, विशेषतः विषाचा प्रश्न असेल तिथे.

माळरान
तसा नियम शास्त्रज्ञांनाही जमला नाही. लिनियसने १७५३ साली कामोणीला सोलॅनम नायग्रम हे शास्त्रीय नाव दिलं, त्यात बरीच भावंडं एकत्र कोंबली. १७६८ साली मिलरने त्यातली काही वेगळी काढली. आजही आपण जिला कामोणी म्हणतो ती तीन झाडं असू शकतात. एकीची फळं मळकट काळी, एकीची चकचकीत काळी आणि टोपीच्या पाकळ्या मागे वळलेल्या, तिसरीची नारिंगी-लाल. गुणसूत्रं मोजली तर ७२, २४ आणि ४८. आजी तिन्हीला कामोणीच म्हणणार आणि मी तिला दुरुस्त करणार नाही.

बंगळुरूकर
कांगोणी हाही शब्द ऐकलाय, तोच का?

खानदेशी लेक
नको, ती मालकांगोणी, तेलाची. वेल आहे ती पण.

वऱ्हाडी माणूस
मग याच घराण्यातल्या काटेरी डोरलीचं काय? आमच्याकडे डोरलं म्हणजे मंगळसूत्र. डोरलीची फळं पिकली की सोन्याच्या मण्यासारखी दिसतात, त्यावरूनच नाव पडलं असणार, माझी पक्की खात्री आहे.

शब्दनिष्ठ
खात्री कशाच्या आधारावर? उलटंही असेल, दागिन्याला फळावरून.

चौलची आठवण
डोरली म्हणजेच रिंगणी ना?

माळरान
भुईरिंगणी वेगळी. ती जमिनीसरपट पसरते, पानाच्या मधल्या शिरेवर सरळ पिवळे काटे, कच्चं फळ हिरव्यावर पांढरे पट्टे असलेलं, पिकलं की पिवळं. डोरली उभं झुडूप, काटे आकड्यासारखे वळलेले, फळ नारिंगी. आयुर्वेदातल्या दशमुळांत, म्हणजे औषधी दहा मुळांत, दोघी आहेत, डोरली बृहती म्हणून आणि भुईरिंगणी कंटकारी म्हणून, त्यामुळे झाडपाला विकणारेही गोंधळ करतात.

वऱ्हाडी माणूस
आमच्याकडे डोरलीची फळं मीठ लावून वाळवून तळतात. आणि दागिन्याचं मी उद्या आईला विचारून सांगतो, ती ८४ वर्षांची आहे.

परसदार
तूर्त कामोणी, चिरबोटी आणि बेलाडोना असं लिहून पाठवते, आणि तिन्हीच्या टोप्यांची मोठी चित्रं काढून मागते. सरांना टोपी शब्द चालेल का बघू. काका, आईंना पोपटीचंही विचाराल का?