सेंट अँड्र्यूज : गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी
स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला तुमचे यजमान चार दिवस गोल्फ खेळणार आणि तुम्ही सासूबाई नि मुलांना घेऊन काय करणार, असं विचारलंय म्हणून लिहिते. अजिबात काळजी करू नका, दिवस कमी पडतील!

आधी इथलं कॅथेड्रल, म्हणजे जुनं मोठं चर्च. ते बघाच. 1318 साली स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याच्या उपस्थितीत त्याचं पवित्रीकरण झालं. आता पडक्या भिंती, थडगी आणि समुद्राचा वारा. पण मुलांना खरी मजा किल्ल्यात येईल. 1546-47 च्या वेढ्यात बाहेरच्यांनी खडक फोडून भुयार खणायला घेतलं, तर आतल्यांनी आवाजाच्या अंदाजाने उलटं भुयार खणून त्यांना गाठलं. दोन्ही भुयारांत आजही उतरता येतं. आतल्यांचं भुयार इतकं अरुंद, वाकडंतिकडं की मी कमरेत वाकून, ओल्या दगडाला हात लावत पुढे सरकले. त्यांची घाई अंगावर येते अक्षरशः. गुडघे दुखत असतील तर सासूबाईंना मात्र वरच बसवा, तिथून समुद्र छान दिसतो.

विद्यापीठाच्या सेंट साल्वेटर्स चॅपलबाहेर फरसबंदीत 'पीएच' अक्षरं आहेत. 1528 मध्ये पॅट्रिक हॅमिल्टन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाला तिथे जाळलं. परीक्षेत नापास होऊ या भीतीने विद्यार्थी त्यांवर पाय देत नाहीत.

एक दिवस अँस्ट्रदरचं मासेमारी संग्रहालय ठेवा, बसने जाता येतं. आणि रविवारी ओल्ड कोर्स या प्रसिद्ध गोल्फ मैदानावर सहसा खेळ बंद असतो, सगळ्यांना फिरायला मोकळं. तिथल्या छोट्या स्विल्कन पुलावर यजमानांसकट फोटो काढा.