शब्दचर्चा : स्वबळ, विसंबणे, टेकणे

कोरीपाटी :
गेल्या रविवारी सकाळी चहाबरोबर पेपर उघडला तर पहिल्याच पानावर मथळा, अमुक पक्ष पालिका 'स्वबळावर' लढणार. दहा वाजता उपासनेला गेले तर पाळकसाहेबांचा विषय 'स्वबळावर जगू नका'. शेजारच्या बाकावरचे काका हळूच म्हणाले, "म्हणजे युती करा." हसू दाबताना मांडीवरचं पवित्र शास्त्र खाली पडता पडता राहिलं.

गंमत बाजूला. आमच्या मंडळीच्या उपवासकाळाच्या पुस्तिकेत मला चार पानं लिहायची आहेत, विषय तोच : ख्रिस्ती माणसानं आपल्या ताकदीवर नाही, देवाच्या सामर्थ्यावर चालायचं. पहिलं वाक्य लिहिलं, "आपण सर्वस्वी देवावर विसंबून राहावे." आईनं वाचलं (मराठीची शिक्षिका, निवृत्त झाली तरी लाल पेन निवृत्त नाही) आणि सरळ काट मारली. म्हणे, "हे आळशी माणसाचं वाक्य आहे."

मला 'विसंबणे' चांगला शब्द वाटत होता. यात आळस कुठून आला? आणि हा नको तर कोणता? अवलंबून, भरवसा, भिस्त, मदार, सगळे लिहून पाहिले. एकही बसेना.

जुनाबोरू :
आईंचं बरोबर आहे, पण अर्धंच.

'विसंबणे' हे दोन तोंडांचं क्रियापद आहे. "ती तान्ह्या लेकराला क्षणभरही विसंबत नाही" म्हणजे नजरेआड करत नाही, विसरत नाही. इथे विसंबणे म्हणजे दुर्लक्ष करणे. दुसरीकडे "त्याच्यावर विसंबलो" म्हणजे त्याच्या भरवशावर राहिलो. एकाला '-ला' लागतं, दुसऱ्याला '-वर'. माझा तर्क असा की दोन्ही अर्थ एकाच मुळीचे असावेत. काम दुसऱ्याच्या भरवशावर टाकलं की आपलं लक्ष सुटतं. "गड्यावर विसंबलो आणि चाळीतला कांदा सडला" या वाक्यात भरवसा आणि दुर्लक्ष वेगळे काढून दाखवा बघू.

त्यात "जो दुसऱ्यावरी विसंबला, त्याचा कार्यभाग बुडाला" हे आपल्या कानात लहानपणापासून बसलेलं. समर्थांच्या मूळ ओवीत 'विश्वासला' आहे, पण लोकांच्या तोंडी 'विसंबला' रुळलं, आणि तेव्हापासून या शब्दाच्या मागोमाग बुडणं आलंच. तुम्ही 'देवावर विसंबून' लिहिता, वाचकाच्या मनात पुढची ओळ आपोआप वाजते.

'अवलंबून'चं दुखणं वेगळं. त्यातला 'लंब' म्हणजे लोंबणं. शेती पावसावर अवलंबून असते. त्यात शेतकऱ्याचा पावसावर विश्वास असतोच असं नाही, इलाज नसतो इतकंच. शिवाय 'परावलंबी' ही आपल्याकडे जवळजवळ शिवी आणि 'स्वावलंबन' हा सद्गुण. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे रयतच्या शाळेत ज्यांनी वाचलं त्यांना देवावरही अवलंबून राहायला संकोच वाटेल.

'भिस्त' आणि 'मदार' क्रीडापानाला राहू द्या. मदार मूळ अरबी, ज्याभोवती काही फिरतं तो आस. शब्द देखणा आहे, पण आता तो सलामीच्या फलंदाजांच्या वाट्याला गेला.

कोरीपाटी :
आईला दाखवलं. 'अर्धंच' या शब्दावर ती जरा थांबली.

पण मग बायबलमधल्या नीतिसूत्रे ३:५ चं काय? तिथे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. आधी परमेश्वरावर 'भाव ठेव' आणि लगेच "आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस". म्हणजे देवाशी 'भाव' आणि बुद्धीशी 'अवलंबून'. हा भेद मुळातला आहे की भाषांतरकारांनी केलेला?

एकमात्रा :
मुळातला आहे. सेमिनरीत हिब्रू शिकताना याच ओळीवर मी अडकलो होतो, म्हणून लिहितो.

पहिलं क्रियापद 'बाताख', भरवसा ठेवणे, निर्धास्त असणे. त्याला 'भाव ठेव' हे फार सुरेख मराठी आहे, वारकऱ्यालाही कळतं. दुसरं क्रियापद 'शाआन'. त्याचा शब्दशः अर्थ टेकणे, अंग रेलणे. भिंतीला टेकतो, काठीवर टेकतो, तसं. म्हणजे ओळीचा रोकडा अर्थ : स्वतःच्या अकलेवर टेकू नकोस, ती भार पेलणार नाही.

आता मजा बघा. याच 'शाआन'पासून हिब्रूत नाम बनतं 'मिश्एनेत', टेकायची वस्तू, काठी. हा शब्द आपल्या सगळ्यांना पाठ असलेल्या ठिकाणी आहे, स्तोत्र २३ मध्ये. "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." त्यातली काठी ती ही. आकडी मेंढरं वळवायला आणि शत्रूला हाणायला, काठी टेकायला. म्हणजे एका ठिकाणी 'टेकू नकोस' म्हटलंय आणि दुसऱ्या ठिकाणी टेकायला काय आहे ते दिलंय, एकाच धातूतून. भाषांतरात 'अवलंबून' आणि 'काठी' झाल्यामुळे हा धागा मराठीत तुटतो.

जुनाबोरू :
मग 'टेकणे'च घ्या की! इतका वेळ शब्द अंगणात उभा होता आणि आपण कोश चाळत बसलो.

मराठीत टेकणं किती प्रकारचं आहे बघा. काठी टेकत चालतो. देवापुढे गुडघे टेकतो, माथा टेकतो. दमलेला माणूस भिंतीला पाठ टेकतो. आणि सगळे उपाय संपले की "आता मी हात टेकले" म्हणतो. हे शेवटचं तुमच्या विषयाच्या अगदी गाभ्याचं आहे. हात टेकणं म्हणजे माझं बळ संपलं ही कबुली. ज्यानं हात टेकले नाहीत तो दुसऱ्या कशाला टेकेल तरी कशाला?

मी तुमच्या धर्माचा नाही, पण शब्द म्हणून सांगतो, इंद्रियांना कळणारा शब्द असेल तिथे संस्कृत जोडशब्द वापरू नये.

एकमात्रा :
हे रमाबाईंना पटलं असतं. पंडिता रमाबाई संस्कृतच्या एवढ्या अधिकारी, पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना त्यांचा हट्ट होता की खेड्यातल्या बाईला कळेल असंच लिहायचं. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ ला बाहेर आला.

आणखी एक राहिलंच. यशया ४०:३१, परमेश्वराची आशा धरून राहणारे "नवीन शक्ती संपादन करतील". 'संपादन' वाचलं की मला प्रूफं दिसतात. मूळ क्रियापद 'हालाफ', बदलणे. उत्पत्ती ४१:१४ मध्ये योसेफ तुरुंगातून फारोपुढे जाताना कपडे बदलतो, तिथेही हेच. म्हणजे शक्ती मिळवायची नाही, जुनी उतरवून दुसरी अंगावर घ्यायची.

तिरपीरेघ :
भाषा छान चाललीये म्हणून मध्ये पडतो. पण दुसऱ्याची शक्ती अंगावर घ्यायची म्हणजे मराठीत सरळ 'उसनं अवसान', नाही का? आणि त्याला आपण सोंग म्हणतो. माझा नास्तिक कान तरी तेच ऐकतो.

कोरीपाटी :
हा प्रश्न संडेस्कूलमध्ये आम्ही प्रत्यक्ष करून पाहिलाय!

फिलिप्पैकरांस ४:१३, "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे." ९८ साल असेल. दूरदर्शनवर त्याच नावाची मालिका जोरात होती. पाठांतराला उभा राहिलेला एक मुलगा 'शक्तिमान आहे' म्हणताच उजवा हात वर करून स्वतःभोवती गरगर फिरला आणि बाकावर आपटला. कपाळाला टेंगूळ. त्यानंतर कित्येक वर्षं हे वचन आलं की वर्गात कुणीतरी खुसखुसायचंच. आता विचार करते तर त्या मुलानं वाक्याचा पहिला अर्धा भाग गाळला होता, 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून'. परीक्षेच्या आधी दाराला चिकटवलेल्या कागदांवर आम्ही सगळेच तो गाळायचो.

एकमात्रा :
आणि त्याच्या मागची दोन वचनंही. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे परीक्षेबद्दल बोलतच नाहीये. तो कैदेत आहे आणि सांगतोय की पोटभर असो की उपाशी, राहायला शिकलो. त्यासाठी ४:११ मध्ये तो 'ऑतार्केस' हा शब्द घेतो. ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञांचा हा लाडका शब्द, अर्थ स्वयंपूर्ण, ज्याला बाहेरून काही लागत नाही. स्वबळाचाच शब्द! तो हातात घेऊन दोन वचनांनंतर पौल म्हणतो, मला बळ देणारा वेगळा आहे.

तिरपीरेघ यांना : उसनं अवसान हे अवसान नसताना आहे असं दाखवणं. पौल उलट करतो, नाही म्हणून जाहीर करतो. २ करिंथ १२:९, "माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते." पुढे तो म्हणतो की ख्रिस्ताची शक्ती माझ्यावर 'राहावी'. हे 'राहावी' मला सपक वाटतं. ग्रीक क्रियापदात 'स्केने' आहे, म्हणजे तंबू. शक्तीनं माझ्यावर तंबू ठोकावा. प्रेषितांची कृत्ये १८:३ प्रमाणे पौल स्वतः तंबू करणारा कारागीर. ज्याचे हात जन्मभर तंबू करण्यात गेले, त्याला देवाच्या बळासाठी हीच प्रतिमा सुचली.

जुनाबोरू :
वा. 'पुरे'बद्दल एक वाक्य. 'पुरणे'चं हे जुनं रूप, पण आज पंगतीत वाढप्याला थांबवायला वापरतो, "पुरे, पुरे!" पौलानं शरीरातला काटा, म्हणजे सलणारं दुखणं, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं ना? मग उत्तरातल्या 'पुरे'त दोन्ही ऐकू येतं : तुला पुरेल इतकं आहे, आणि आता मागणं पुरे. हा योगायोग मराठीचाच.

कोरीपाटी :
हे मी चोरणार.

सामर्थ्य, शक्ती आणि बळ यांत काही फरक करावा का? की ओघात येईल ते?

जुनाबोरू :
ओघात येईल ते. फार तर इतकं, की बळ अंगात असतं, शक्ती कुठेही. 'सामर्थ्य'ची मात्र एक जुनी खूण आहे. पाणिनीचं सूत्र आहे, 'समर्थः पदविधिः'. व्याकरणात सामर्थ्य म्हणजे एका पदाचा दुसऱ्याशी अर्थानं असलेला संबंध. सुटं पद कितीही भारदस्त असो, या अर्थानं ते समर्थ नाही.

ओलांडा :
नाशिककडचा द्राक्षवाला. माझ्याकडे रविवारी पुष्कळदा योहान १५ निघतं, कारण उघड आहे. "मी वेल, तुम्ही फाटे." आमच्याकडे फाटा म्हटलं की एस्टी थांबते ती जागा. बागेत आम्ही काडी म्हणतो. छाटणीनंतर काडी जमिनीवर पडली की दुपारपर्यंत पानं मान टाकतात, सरपणाशिवाय उपयोग नाही. पण वेलीवरच्या काडीला काम नसतं असं समजू नका. रस वेलीतून येतो, घड तिलाच धरावा लागतो. विसंबलेली काडी मी अजून पाहिली नाही.

एकमात्रा :
कलस्सै १:२९ तेच सांगतं. पौल म्हणतो मी झटून श्रम करतो, आणि त्याच दमात, ते माझ्यात काम करणाऱ्या त्याच्या शक्तीनं. ग्रीकमध्ये 'झटणे'साठी खेळांच्या सामन्यांतला शब्द आहे.

जुनाबोरू :
तुकोबांच्या 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' या अभंगाचा शेवट आठवा. "तुका म्हणे घालू तयावरी भार, वाहू हा संसार देवापायी." भार त्याच्यावर घातला आणि लगेच 'वाहू'. घालून मोकळे झालो असं नाही.

कोरीपाटी :
ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणायचेच ना, तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. तुम्ही मला उलट्या बाजूनं त्याच पुलावर आणलंत.

शेवटचं कळवते. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याला सहा आठवडे झालेत. काल फिजिओ आला होता. ती वॉकर हातात उचलून घरभर मिरवते, भार काही देत नाही, बाईचा स्वाभिमान. तो म्हणाला, "आजी, वॉकरवर टेका. मग पाऊल टाका. पाऊल तो नाही टाकणार." तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

संध्याकाळी नवं वाक्य दाखवलं : "आपण देवाला टेकून चालावे." बराच वेळ लाल पेन कागदावर फिरत राहिलं. 'सर्वस्वी' गेलं होतं ते बरं झालं म्हणाली. 'टेकून' ठेवलं. मग 'देवाला' की 'देवावर' यावर आमचं भांडण सुरू झालं, ते अजून चालू आहे. भिंतीला टेकतो, काठीवर टेकतो. जुनाबोरू, सांगा आता.