आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) रेडिएशनला ‘किरणोत्सर्ग’ म्हणावं का?

अँटेनाजवळ काम करणाऱ्यांसाठी सेफ्टीच्या सूचना मराठीत लिहितेय. रेडिएशनला सगळे सर्रास किरणोत्सर्ग लिहितात, मला ते खटकतंय, पण दुसरा शब्द सुचत नाहीये. आणि एक्स्पोजरला काय म्हणायचं? ‘बाधा’ चालेल का?

—

किरणोत्सर्ग नकोच. तो शब्द ऐकला की युरेनियम, अणुभट्टी असलंच काहीतरी डोळ्यासमोर येतं. रेडिएशनला परिभाषेत ‘प्रारण’ आहे, त्यात प्रकाश, उष्णता, रेडिओलहरी सगळं बसतं. आरएफ म्हणजे साधारण ३ किलोहर्ट्झ ते ३०० गिगाहर्ट्झ, अणूतला इलेक्ट्रॉन उडवायची ताकद तिच्यात नसते, मुख्य धोका उष्णतेचा, शरीर आतपर्यंत तापू शकतं. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो त्यामुळे तिथली उष्णता लवकर निघत नाही. चुकीच्या शब्दामुळे माणूस चुकीची काळजी घेतो हो, एक्स-रेचं प्रमाण नोंदवणारा फिल्म बॅज लावून निर्धास्त राहतो आणि तो बॅज आरएफ मोजतच नाही!

—

प्रारण बरोबर आहे पण टॉवरवर चढणाऱ्याला ते कळणार नाही, पाटीवर सरळ ‘रेडिओलहरी’ लिहा. एक्स्पोजरला मला ‘झळ’ आवडतो, उष्णतेचाच शब्द आहे.

—

झळ छान आहे पण घात करेल. झळ अंगाला जाणवते, म्हणून तर आपण मागे सरतो. इथे कातडीला कळायच्या आधीच आतला भाग तापलेला असू शकतो. माझं बोट एकदा ट्रान्समिटर चालू असताना लोखंडी शिडीला लागून भाजलं, वर फोड एवढासाच पण आतून कितीतरी दिवस ठणकत होतं, त्यामुळे आरएफ बर्नला ‘चटका’ पण म्हणू नका, ‘भाजणं’ म्हणा. आणि ‘बाधा’ म्हणजे अपाय झालाच, विषबाधा म्हणतो तसं. मग ‘बाधेची मर्यादा’ याचा अर्थ काय लावायचा? शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींची कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा पूर्ण शरीराला सरासरी वजनाच्या किलोमागे ०.४ वॉट आहे, सामान्य लोकांसाठी ०.०८, त्याच्या आत असलेल्याला बाधा झाली असं थोडंच म्हणणार. मी ‘मारा’ सुचवेन, उन्हाचा मारा म्हणतो तसा लहरींचा मारा, कमी असतो, जास्त असतो, किती वेळ होता तेही सांगता येतं.

—

मारा एकदम पटला! पाटी अशी करतेय: ‘पुढे रेडिओलहरींचा जोरदार मारा आहे. ट्रान्समिटर बंद करून कुलूप लावल्याशिवाय वर चढू नका.’ प्रारण फक्त माहितीपुस्तिकेत एकदा समजावून देते.